हात न लागल्याचे कौतुक पुरे

जुना व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर विकायला काढणारा माणूस एक गोष्ट हमखास सांगतो: आत कोणाचाही हात लागलेला नाही, एकेक कंडेन्सर कंपनीतून आला तेव्हाचा आहे, भिंतीपर्यंत जाणारी वायरसुद्धा मूळची आहे. एवढ्या एका गोष्टीवर किंमत चढते आणि घेणाराही ती आनंदाने मोजतो. संग्राहकांच्या जगात तर हा धर्मच होऊन बसला आहे. साठ वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात किंवा लंडनमध्ये कुणी कामगाराने जो डाग दिला, त्याला आज सोल्डरिंगची कांडी टेकवणे म्हणजे पाप. मला हा धर्म मान्य नाही. त्याच्यापायी चांगली यंत्रे जळतात, माणसांच्या जिवाशी खेळ होतो, आणि ज्या आवाजाच्या नावाने हे सगळे चालते तो आवाजही हाती लागत नाही.

आवाजाचा मुद्दा आधी घेतो, कारण या मंडळींचा सगळा भर त्यावरच असतो. जुने भाग काढले की जुना आवाज गेला, असे ते म्हणतात. पण आपल्या कानात बसलेला हा जुना आवाज आला कुठून? तबकड्यांवरून. आणि त्या तबकड्या मुद्रित झाल्या तेव्हा हे अ‍ॅम्प्लिफायर नवे होते. १९६६ साली जॉन मेयॉलच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या तबकडीसाठी एरिक क्लॅप्टनने ज्या मार्शल कॉम्बोतून लेस पॉल गिटार वाजवली, तो कॉम्बो तेव्हा फार तर वर्षा-दोन वर्षांचा होता. बीटल्सच्या १९६३ च्या तबकड्यांवर जे व्हॉक्स एसी-३० ऐकू येतात, ते केंट परगण्यातल्या डार्टफर्डच्या जेनिंग्ज कंपनीतून नुकतेच बाहेर पडलेले होते. ज्या आवाजावर आपण जीव टाकतो तो ताज्या कंडेन्सरांचा आवाज आहे. तेच कंडेन्सर साठ वर्षे त्याच जागी वाळवून आज जे ऐकू येते त्याला क्लॅप्टनचा आवाज म्हणणे ही क्लॅप्टनची आणि त्या अ‍ॅम्पचीही नालस्ती आहे.

मी बोलतो आहे ते वीजपुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांबद्दल. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये रसायनात भिजवलेला कागद, सगळे घट्ट गुंडाळून नळकांड्यात बंद केलेले. रेक्टिफायरकडून वीज येते ती उसळ्या घेत. ती सपाट करून पुढे व्हॉल्व्हकडे पाठवणे हे यांचे काम. फेंडरच्या १९६० च्या दशकातल्या बहुतेक अ‍ॅम्पमध्ये ते चासीच्या पाठीवर पत्र्याच्या एका झाकणाखाली ओळीने झोपवलेले असतात. हात न लागलेल्या अ‍ॅम्पचे हे झाकण उघडा. पुठ्ठ्याचे वेष्टण काळपटलेले असते, एखाद्याच्या टोकाचे रबर फुगून बाहेर आलेले असते आणि तारेच्या मुळाशी पांढुरकी खपली धरलेली असते. ती खपली म्हणजे आतले रसायन. ते बाहेर आले, म्हणजे आत तेवढे उरले नाही. मग वीज नीट सपाट होत नाही, अ‍ॅम्प घरघरतो, आणि जोरात वाजवले की छेडलेल्या स्वराच्या मागे एक भलताच बेसूर स्वर उमटतो, कारण वीजपुरवठ्यातली उसळी स्वरात मिसळते. मी लोकांना या भुताटकीच्या स्वराला ‘व्हिंटेज’ म्हणून डोळे मिटून दाद देताना पाहिले आहे. लिओ फेंडरच्या कारखान्यातून असा आवाज करणारा अ‍ॅम्प बाहेर पडता, तर तो त्याच दिवशी दुरुस्तीच्या टेबलावर परत आला असता.

यावर ठरलेला तोडगा सांगितला जातो: व्हेरियाकवर लावा, व्होल्टेज हळूहळू चढवा, कंडेन्सर पुन्हा जिवंत होतात. नुसत्या पडून राहिलेल्या, पण आतून ओल्या असलेल्या कंडेन्सरचा ऑक्साइडचा थर अशाने पुन्हा बसू शकतो, हे खरे. वाळून गेलेले रसायन कुठल्याही व्हेरियाकने परत येत नाही. शिवाय ज्या अ‍ॅम्पमध्ये रेक्टिफायरही व्हॉल्व्हचा आहे, तिथे हा उपाय करणाऱ्यांनी एक साधी गोष्ट लक्षात घेतलेली नसते. व्होल्टेज कमी असताना रेक्टिफायरचे फिलामेंट तापतच नाही, त्यामुळे पुढे कंडेन्सरवर काही पोचत नाही. आणि फिलामेंट तापले की एकदम बरेच काही पोचते. हळूहळू चढवल्याचे समाधान तेवढे मिळते.

आता यंत्राच्या जिवाचे पाहू. वाळलेला कंडेन्सर नुसता निकामी होत नाही, तो गळू लागतो, म्हणजे त्याच्यातून विनाकारण वीज वाहू लागते. तो भार आधी रेक्टिफायर सोसतो, मग पॉवर ट्रान्सफॉर्मर. फ्यूज योग्य मापाचा असेल तर तो उडतो आणि सगळे वाचते. पण जुन्या अ‍ॅम्पचा फ्यूज एकदा बाहेर काढून पाहा. फेंडरच्या डिलक्स रिव्हर्बवर दोन अँपिअरचा फ्यूज अपेक्षित आहे. सारखा उडतो म्हणून कोणीतरी तिथे दहाचा बसवलेला असतो. असा अ‍ॅम्प चालू राहतो, आणि एके दिवशी ट्रान्सफॉर्मरमधून डांबरासारखे मेण चासीवर ओघळते. जो भाग आज मूळ स्वरूपात मिळत नाही, तो जळाला. वाचवले काय? बाजारात ज्याच्या तोडीचा, किंबहुना सरस माल सहज मिळतो, असा एक कंडेन्सर.

अ‍ॅम्पची ओळख कशात असते हे ज्याला कळते तो असा सौदा करणार नाही. मार्शलचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. १९६२ च्या सुमारास पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलच्या दुकानात जिम मार्शल, केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी जो पहिला अ‍ॅम्प उभा केला, जो पुढे जेटीएम४५ म्हणून ओळखला गेला, त्याचे सर्किट जवळजवळ जसेच्या तसे फेंडरच्या बासमनमधले होते, ५एफ६-ए. म्हणजे कागदावर दोन्ही अ‍ॅम्प भाऊ-भाऊ. आवाज मात्र दोघांचा वेगळा. कारण ट्रान्सफॉर्मर ब्रिटिश बनावटीचे, पहिल्या टप्प्यावर १२एवाय७ च्या जागी अधिक गेनचा ईसीसी८३, थोड्याच दिवसांत पॉवर व्हॉल्व्ह केटी६६, आणि दहा इंची चार जेन्सन स्पीकरांच्या उघड्या पाठीच्या पेटीऐवजी बारा इंची चार सेलेस्टियनची बंद पेटी. लोखंड, तांबे आणि स्पीकरचा कागद यांनी फेंडरच्या फुलर्टनचा अ‍ॅम्प हॅनवेलचा केला. जपायचे आहे ते हे. वीजपुरवठ्यातला कंडेन्सर, पॉवर व्हॉल्व्ह आणि फ्यूज हे झिजण्यासाठीच बसवलेले भाग आहेत, आणि ते वेळच्या वेळी बदलले तरच बाकीचे टिकते. ज्या कारखान्याने व्हॉल्व्हसाठी सॉकेट दिले, त्याला व्हॉल्व्ह बदलले जाणार हे ठाऊक होते.

दुसऱ्या टोकाच्या लोकांबद्दलही तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. काही तंत्रज्ञ अ‍ॅम्प उघडला की दिसेल ते कापून काढतात. स्वराच्या वाटेवरचे निळे मॅलरी कंडेन्सर, फेंडरच्या काळ्या पट्टीच्या अ‍ॅम्पची ती खूण, ओल्या रसायनाचे नसतात; डीसी गळत नसेल तर त्यांना हात लावायचे काही कारण नाही. तीच गोष्ट कार्बनच्या रोधकांची. त्यांचे मूल्य वर्षानुवर्षे वर सरकते, पण कोणते सरकले आणि कोणते नाही हे मीटर सांगतो. खरखर करणारा एखादा बदलावा, बाकीचे राहू द्यावेत. पुढच्या पट्टीला नवे भोक पाडून मास्टर व्हॉल्यूम बसवणे, ट्वीड सोलून नवे कापड चिकटवणे, चांगल्या स्पीकरचा कागद केवळ पिवळा पडला म्हणून बदलणे, ही नासधूसच आहे, आणि अशा अ‍ॅम्पला किंमत कमी येते ते योग्यच आहे. पण नासधुशीच्या रागापोटी देखभालीलाही नासधूस ठरवणे हा अविचार आहे, आणि माझे भांडण त्याच्याशी आहे.

या पंथाला पेचात टाकणारा एक अ‍ॅम्प जगप्रसिद्ध आहे. नील यंग १९५० च्या दशकाच्या अखेरीचा फेंडरचा एक ट्वीड डिलक्स १९६० च्या दशकापासून वाजवत आला. त्या अ‍ॅम्पच्या फाटक्या, भरभरून वाहणाऱ्या आवाजाने कितीतरी जणांना ट्वीड डिलक्स शोधायला लावले. त्या अ‍ॅम्पमध्ये कारखान्याने दिलेल्या ६व्ही६ च्या जागी ६एल६ व्हॉल्व्ह चालतात, आणि त्याचे नॉब पायाने खटका दाबला की आपोआप ठरल्या जागी फिरावेत म्हणून त्यावर खास बनवलेले एक यंत्र बसवलेले आहे. तंत्रज्ञ वर्षानुवर्षे त्याची देखभाल करत आले. त्याच जातीचा, पण हात न लागलेला अ‍ॅम्प शोधणारे ज्या आवाजाच्या मागे धावतात, तो हात लागलेल्या अ‍ॅम्पचा आहे.

आता जिवाची गोष्ट. १९६० च्या दशकातल्या अमेरिकी अ‍ॅम्पची मूळची वायर दोन पिनांची असते. अर्थिंग नाही. त्याऐवजी मागच्या बाजूला एक खटका, आणि विजेच्या एका तारेपासून थेट चासीपर्यंत जोडलेला एक छोटा कंडेन्सर. घरघर कमी ऐकू यावी म्हणून ही सोय होती. हा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला की चासी थेट विजेच्या तारेला जोडली जाते, चासीला गिटारची केबल, केबलला तारा, आणि तारांवर वाजवणाऱ्याची बोटे. अमेरिकेतले दुरुस्तीवाले त्याला मृत्यूचाच कंडेन्सर म्हणतात. गिटारवर हात आणि ओठ मायक्रोफोनला, मायक्रोफोन दुसऱ्याच यंत्रणेतून आलेला. दोन्हींमध्ये व्होल्टेजचा फरक पडला की माणूस मधली वायर होतो. ४ डिसेंबर १९६५ ला सॅक्रामेंटोच्या मंचावर कीथ रिचर्ड्सची गिटार मायक्रोफोनच्या दांड्याला लागली आणि तो जागीच बेशुद्ध पडला; तो वाचला. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश वाद्यवृंदाचा लेस हार्वी वाचला नाही. ३ मे १९७२ ला स्वान्सीमध्ये अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून तो मंचावरच गेला. त्याचे वय तेव्हा पंचविशीच्या आसपास होते. दोन्ही प्रसंगी दोष नेमका कुठल्या यंत्रणेत होता हा वेगळा विषय; अर्थिंग नसलेल्या मंचावर काय होते ते त्यांतून दिसते. आणि तरीही मूळची दोन पिनांची वायर शाबूत आहे हे आजच्या जाहिरातींत गुण म्हणून छापले जाते. ती वायर काढून तीन पिनांची बसवायला आणि तो कंडेन्सर कापायला जाणत्या माणसाला अर्धा तास लागतो, आणि आवाजात तसूभर फरक पडत नाही.

याहून घातक एक जात आहे आणि ती घेणाऱ्याला ओळखता आलीच पाहिजे. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत नवशिक्यांसाठी विकलेल्या काही स्वस्त अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसतो. भिंतीतली वीज थेट सर्किटमध्ये घेतलेली असते. पेटी न उघडता हे कळण्याची एक खूण व्हॉल्व्हवरच छापलेली असते. अमेरिकी व्हॉल्व्हच्या नावातला पहिला आकडा साधारणपणे त्याच्या फिलामेंटचे व्होल्टेज सांगतो. ६व्ही६, ६एल६ हे सहा व्होल्टचे, ५वाय३ हा पाचचा. असे आकडे दिसले की ट्रान्सफॉर्मर आहे. पण ५०सी५, ३५डब्ल्यू४, १२एयू६ असे व्हॉल्व्ह ओळीने बसवलेले दिसले, तर बेरीज करा. ५० आणि ३५ आणि १२ मिळून जवळपास शंभर होतात, म्हणजे फिलामेंट एकामागे एक जोडून थेट अमेरिकी विजेवर टांगलेले आहेत. असा अ‍ॅम्प आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवल्याशिवाय हाती धरू नये, मग तो कितीही देखणा आणि कितीही अस्पर्श असो.

ओळखीचा विषय निघालाच आहे, तर तिथेही हाच हट्ट वेगळ्या रूपात भेटतो. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने १३ दशलक्ष डॉलरला फेंडर विकत घेतली. तेव्हापासून त्या महिन्याच्या आधीचा अ‍ॅम्प सोन्याचा आणि नंतरचा कथलाचा, असे मानायची प्रथा पडली. मालकी बदलली त्या दिवशी कामगारांनी सर्किट बदलले नव्हते. १९६५, ६६ आणि ६७ च्या बऱ्याचशा काळापर्यंत डिलक्स रिव्हर्बसारखे अ‍ॅम्प त्याच एबी७६३ सर्किटवर बनत होते. नावातले शेवटचे आकडे आराखड्याचा महिना आणि वर्ष सांगतात, जुलै १९६३. मग चंदेरी पट्टी आली, आणि मे १९६८ च्या एसी५६८ सर्किटने ट्विन, सुपर अशा मोठ्या अ‍ॅम्पमध्ये खरोखरच बदल केले. तिथे चंदेरी पट्टीला कमी भाव मिळतो याला आधार आहे. पण चंदेरी पट्टीच्या डिलक्स रिव्हर्बमध्ये आणि प्रिन्स्टन रिव्हर्बमध्ये कित्येक वर्षे फरक अगदी किरकोळ होते, आणि पट्टीचा रंग पाहून त्यांना हलके समजणाऱ्यांनी कित्येक चांगले अ‍ॅम्प हातचे घालवले. उलट, चंदेरी अ‍ॅम्पवर काळी पट्टी चढवून तो जुना म्हणून खपवणारेही आहेत. पट्टी चार स्क्रूंची गोष्ट आहे. पेटीच्या आत चिकटवलेल्या कागदावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण कारखान्यात जुने छापील कागद संपेपर्यंत वापरले जात. कागदावर एक सर्किट आणि चासीत दुसरे, असे सर्रास आढळते.

खरा पुरावा आत असतो, आणि तो वाचायला फार विद्वत्ता लागत नाही. समजा एका डिलक्स रिव्हर्बच्या कागदावर ‘ओ’ आणि ‘के’ या दोन अक्षरांचा शिक्का आहे. फेंडरच्या रीतीत पहिले अक्षर वर्षाचे: ‘ए’ म्हणजे १९५१, तिथून मोजत ‘ओ’ म्हणजे १९६५. दुसरे महिन्याचे: ‘के’ अकरावे, म्हणजे नोव्हेंबर. आता ट्रान्सफॉर्मर पाहा. त्यावर ६०६-५४१ असेल, तर ६०६ हा शूमाखर कंपनीचा क्रमांक, ५ हा वर्षाचा शेवटचा अंक, ४१ वा आठवडा: ऑक्टोबर. नॉबमागच्या पॉटवर १३७६५३४ असेल, तर सीटीएस कंपनी, १९६५, ३४ वा आठवडा: ऑगस्ट. स्पीकरच्या कडेवर ४६५-५३८ असेल, तर ऑक्सफर्ड, सप्टेंबर. सुटे भाग आधी बनले, मग अ‍ॅम्प जुळवला गेला. चारही खुणा एकमेकींना धरून आहेत. अ‍ॅम्प त्याच्यातल्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुना असू शकत नाही, एवढे एकच सूत्र धरून चालावे. एकाच आकड्याने दाखवलेले वर्ष १९५५, १९६५ की १९७५, हे बाकीच्या खुणांवरून ठरते. आणि एक ट्रान्सफॉर्मर ६०६-७२२ निघाला, तर तो नंतर बदललेला आहे किंवा चासी भलत्याच पेटीत बसवलेली आहे, हे विक्रेत्याने सांगायच्या आधी तुम्हाला कळते. व्हॉल्व्हवरच्या नावांवरून मात्र वर्ष ठरवू नये. व्हॉल्व्ह सॉकेटमधून सहज निघतात, काचेवरची छपाई बोटाने पुसली जाते, आणि एका कारखान्याचा व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या नावाने विकण्याची रीत त्या काळातही होती.

आणि इथे त्या पंथाचा सर्वांत सबळ मुद्दा येतो. ते म्हणतात, मूळचे डाग हाच तर पुरावा. ते उकलले की खरे-खोटे कशावरून ठरवायचे? मुद्दा बिनतोड वाटतो, आणि त्यात तथ्यही आहे. नवे कथील चमकते, जुने राखी पडते, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी जुने राखी डाग दिसले की मन निश्चिंत होते. पण वर जे आकडे वाचले त्यांपैकी एकही वीजपुरवठ्याच्या कंडेन्सरवर अवलंबून नव्हता. त्या झाकणाखालचे डाग उकलल्याने ट्रान्सफॉर्मरचा, पॉटचा, स्पीकरचा किंवा स्वराच्या वाटेचा पुरावा पुसला जात नाही. काम सुरू करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, काढलेले भाग पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवावेत, काय केव्हा बदलले त्याची चिठ्ठी सोबत ठेवावी. चांगले तंत्रज्ञ हे करतातच. अशा अ‍ॅम्पबद्दल विकत घेणाऱ्याला अस्पर्श अ‍ॅम्पपेक्षा जास्त माहिती असते, कारण कोणीतरी जाणत्याने तो उघडून, मोजून, लिहून ठेवलेला आहे. अस्पर्श अ‍ॅम्पबद्दल विक्रेत्याला ठाऊक असलेली एकच गोष्ट म्हणजे त्याने आत पाहिलेले नाही.

आपल्याकडे असा अ‍ॅम्प मागवणाऱ्यांनी तर या कौतुकापासून चार हात दूरच राहावे. इथली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकी अ‍ॅम्प ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झला बांधलेला. स्टेप-डाउन लावून व्होल्टेज उतरवता येते, हर्ट्झ बदलत नाहीत. तेवढ्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातले चुंबकत्व एकपंचमांशाने वाढते आणि तो जास्त तापतो. आधीच तापणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या पुढे गळके मूळ कंडेन्सर जपून ठेवणे म्हणजे त्याची घटका मोजत बसणे. ११७ ऐवजी ११० व्होल्ट दिले तर त्याला जरा उसंत मिळते. दुसरे, बाजारातले बरेचसे स्टेप-डाउन डबे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात आणि त्यांच्या तोंडाशी अमेरिकी धाटणीचे दोन भोकांचे सॉकेट असते. अ‍ॅम्पला हौसेने तीन पिनांची वायर बसवली तरी अर्थिंग त्या डब्यातच तुटते. डबा असा घ्यावा की ज्याच्या दोन्ही टोकांना अर्थिंग आहे, आणि चासीपासून भिंतीतल्या अर्थिंगपर्यंत जोड सलग आहे हे मीटर लावून पाहावे. ब्रिटिश अ‍ॅम्पच्या बाबतीत हा त्रास नाही. जुन्या मार्शल-व्हॉक्सवर बहुधा व्होल्टेज निवडायची सोय असते आणि ते ५० हर्ट्झलाच जन्मले आहेत. मुंबई-गोव्यात आणखी एक भान हवे. फेंडरने सुटे भाग ज्या काळ्या फायबरच्या पाटीवर बसवले, ती ओल धरते, आणि ओली पाटी स्वतःच थोडी वीज वाहू लागते. पावसाळ्यात अ‍ॅम्प खरखरू लागला तर आधी पाटी वाळवावी, मग भागांवर संशय घ्यावा.

या कामाला लागणारे ज्ञान इथे नाही असेही नाही. व्हॉल्व्हचे रेडिओ आणि सभा-समारंभांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केलेली माणसे अजून आहेत. ईसीसी८३ आणि ईएल८४ हे व्हॉल्व्ह बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही बनवले, आणि व्हॉक्समध्ये बसतात ते याच जातीचे. वायरमनच्या पिशवीतला सिरीजचा बल्ब अनोळखी अ‍ॅम्प पहिल्यांदा लावताना व्हेरियाकपेक्षा उपयोगी पडतो: क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. आत हात घालणाऱ्याने मात्र एवढे पक्के लक्षात ठेवावे की ट्विनसारख्या अ‍ॅम्पमध्ये साडेचारशे व्होल्टच्या आसपास डीसी असते आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरात ती साठून राहू शकते. रोधक लावून ती उतरवल्याशिवाय आणि मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय बोट लावायचे नाही.

राहिला प्रश्न संग्रहालयाचा. काही अ‍ॅम्प इतके दुर्मीळ असतात की त्यांतला प्रत्येक भाग कारखान्यातल्या कामाचा दस्तऐवज म्हणून ठेवावा, हे मला पटते. १९४५-४६ मध्ये लिओ फेंडर आणि डॉक कॉफमन यांनी ‘के अँड एफ’ या नावाने बनवलेला अ‍ॅम्प कोणाला मिळाला, तर त्याने तो तसाच ठेवावा, प्लग न लावता, काचेमागे. पण मग तो काचेमागेच राहिला पाहिजे. डिलक्स रिव्हर्ब आणि सुपर रिव्हर्ब हजारोंच्या संख्येने बनले, ते वाजवणाऱ्यांसाठी बनले. असा अ‍ॅम्प वाजवायला म्हणून विकायचा, वाजवण्याजोगा म्हणून दाम घ्यायचे, आणि आतला साठ वर्षांचा कंडेन्सर व दोन पिनांची वायर गुण म्हणून दाखवायची, हे चालणार नाही. विक्रेत्याकडे चासीच्या आतली छायाचित्रे मागा, ट्रान्सफॉर्मर, पॉट आणि स्पीकरचे आकडे मागा, कंडेन्सर कधी बदलले ते विचारा. कधीच नाही, असे उत्तर आले तर कंडेन्सर, वायर आणि तपासणीचा सगळा खर्च किमतीतून वजा करा, आणि तेवढे कमी करायला तो तयार नसेल तर उठा.